०-३ वरून ४-३: रेड सॉक्सचा २००४ चा कमबॅक बघायचा कसा (क्रिकेटवाल्यांसाठी)

आधी एक पाठकोरा कागद आणि पेन घेऊन बसा. मस्करी नाही करत. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टन रेड सॉक्सने न्यूयॉर्क यांकीजला ०-३ वरून ४-३ हरवलं, ती सिरीज बघायची म्हणून बरेच जण उत्साहात युट्यूब लावतात, वीस मिनिटांत मोबाईल काढतात आणि वर म्हणतात की बेसबॉलमध्ये काही होतच नाही, नुसते थुंकतात आणि टोपी सारखी करतात. होतं हो, भरपूर होतं, पण बघायचं कुठे ते माहीत पाहिजे. माझं म्हणणं विचाराल तर या सिरीजमध्ये बघायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उद्यासाठी कोणाकडे किती पिचर (बॉल टाकणारे) उरलेत. होमरन (आपला सिक्सर) तर दिसतातच, त्यासाठी गाईड कशाला.

मला हे कसं कळलं तेही सांगतो म्हणजे उगाच एक्स्पर्ट वगैरे समजू नका. २००४ ला मी पुण्यात नाईट शिफ्ट करायचो, फोनवरचं काम, आणि आमचे सगळे कस्टमर बॉस्टन आणि त्या बाजूचे. ट्रेनिंगमध्ये सांगून ठेवलेलं की माणूस चिडलेला असेल तर दोन वाक्यं रेड सॉक्सवर बोला, नरम पडतो. आम्ही बोलायचो, कळत शून्य होतं. १७ ऑक्टोबरच्या रात्री मी नेहमीसारखं एका आजींना विचारलं की काय म्हणते तुमची टीम, तर पलीकडे शांतता, आणि मग त्या म्हणाल्या बाळा आज तो विषय नको. आदल्या दिवशी १९-८ ने हरलेले! आणि दोनच दिवसांनी तीच माणसं फोनवर जांभया देत देत हसत होती. त्या हसण्याचं कारण शोधता शोधता मी या खेळात घुसलो तो अजून बाहेर आलो नाहीये.

आता कागद. मधे उभी रेघ मारा, डावीकडे बॉस्टन, उजवीकडे न्यूयॉर्क. वरती १२ ते २० ऑक्टोबर तारखा टाका. ज्या दिवशी जो पिचर आला त्याचं नाव त्या तारखेखाली, आणि माहीत असेल तर किती बॉल टाकले ते. बस, एवढंच. स्कोअर लिहायची गरज नाही, तो स्क्रीनवर असतोच.

पिचरचाच हिशोब का, तर क्रिकेटमध्ये बॉलर सहा बॉल टाकून फाइन लेगला जाऊन दम खातो, इथे तसं नाही. मॅच सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर हा एकटाच पाच-सहा-सात इनिंग टाकत राहतो, शंभरेक बॉल, आणि मग त्याचा खांदा इतका पिळवटलेला असतो की पुढे साधारण चार दिवस त्याला हात लावायचा नाही. तो दमला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर थांबतात तिथून, दुसरा येतो, मग तिसरा. आणि एकदा बाहेर काढलेला त्या दिवशी परत येऊ शकत नाही, कितीही गयावया करा. शेवटच्या इनिंगला जो येतो तो क्लोजर, म्हणजे आपल्या भाषेत डेथ ओव्हरचा माणूस. यांकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेरा, आणि त्याच्याबद्दल एवढंच सांगतो की तो आला की समोरचे प्रेक्षक पार्किंगकडे निघायचे.

बाकी नियम एका दमात: पहिला, दुसरा, तिसरा बेस करून परत घरी म्हणजे प्लेटवर पोचलं की एक रन, तीन स्ट्राईक (टप्प्यातला बॉल हुकला किंवा सोडला) झाले की बॅटर आऊट, चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट पहिला बेस (याला वॉक म्हणतात, आपल्या वाइडचाच चुलतभाऊ), तीन आऊट झाले की बाजू बदलते, नऊ इनिंग, आणि बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं, सुपर ओव्हर बिव्हर काही नाही, रात्रीचे दोन वाजले तरी. घरची टीम शेवटी बॅटिंग करते, त्यामुळे तिने पुढचा रन केला की तिथेच मॅच खलास. ही सिरीज फायनलच्या आधीची, सात मॅचची, आधी चार जिंकेल तो. पहिल्या दोन न्यूयॉर्कला, मधल्या तीन बॉस्टनला, शेवटच्या दोन परत न्यूयॉर्कला.

आणि लोक शापाबिपाच्या कहाण्या सांगतील, की बॉस्टनने बेब रूथला न्यूयॉर्कला विकलं, १९१८ नंतर बॉस्टनने वर्ल्ड सिरीज (म्हणजे फायनल) जिंकलीच नाही, वगैरे. ऐका आणि सोडून द्या. त्यातलं एकच लक्षात ठेवा, आदल्या वर्षी म्हणजे २००३ ला याच दोन टीम, हीच सिरीज, सातवी मॅच, अकरावी इनिंग, आणि यांकीजच्या अ‍ॅरन बूनने होमरन मारून बॉस्टनला घरी पाठवलं. तो बॉल टाकणारा पिचर होता टिम वेकफिल्ड. हे नाव कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पहिल्या तीन मॅच कशा उरकायच्या

पहिल्या दोन पूर्ण बघू नका, सुट्टी वाया जाईल. पहिलीत (१२ ऑक्टोबर, १०-७) फक्त कर्ट शिलिंगचा उजवा घोटा बघा. बॉस्टनचा मोठा स्टार्टर, पण घोट्याजवळचा टेंडन जागेवर राहत नव्हता, तीन इनिंगमध्ये सहा रन देऊन गेला. कागदावर त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. दुसरीत (३-१) पेड्रो मार्टिनेझ बरा टाकतो पण बॉस्टनच्या बॅट चालतच नाहीत, आणि न्यूयॉर्कचं पब्लिक पेड्रोला तुझा बाप कोण म्हणून ओरडतं. त्यानेच सीझनच्या शेवटी हरल्यावर यांकीज म्हणजे माझे बापच आहेत असं काहीतरी बोलून ठेवलेलं, मग पब्लिक सोडतंय होय.

मग १५ तारीख. मॅच नाही, बॉस्टनला पाऊस. या रिकाम्या चौकोनाभोवती गोल करा कारण इथेच सगळं फिरलं आणि कोणाला तेव्हा जाणवलं पण नाही. मूळ टाइमटेबलप्रमाणे १८ तारीख प्रवासाची सुट्टी होती. पावसामुळे सगळं एक दिवस पुढे सरकलं, सुट्टी गेली, आणि दोन्ही टीमला १६ ते २० असे सलग पाच दिवस खेळायचं आलं. म्हणजे पिचरना श्वास घ्यायला वेळच नाही. आता कळलं कागद का काढायला सांगितला?

तिसरी मॅच, १९-८. बॉस्टनच्या लोकांनी आजपर्यंत परत बघितली नसेल, तुम्ही मात्र बघा, पण फक्त वेकफिल्डसाठी. तो दुसऱ्या दिवशीच्या मॅचचा स्टार्टर होता. इकडे धुलाई चाललीये, मॅच गेल्यात जमा आहे, बुलपेनमधले एकेक जण वाया चाललेत, आणि हा स्वतःहून मॅनेजर टेरी फ्रँकोनाला सांगतो की मी टाकतो, बाकीच्यांना उद्यासाठी ठेवा. म्हणजे स्वतःची मॅच सोडली आणि हरलेल्या मॅचमध्ये तीनवर इनिंग मार खात टाकत बसला. त्यालाही रन पडले, स्कोअरकार्डवर त्याचे आकडे घाणच दिसतात. पण कागदावर बघा, डावीकडचे किती जण ताजे राहिले. सगळे जण चोरलेल्या बेसला आणि रक्ताळलेल्या मोज्याला टर्निंग पॉइंट म्हणतात, मी या माणसाला म्हणतो. त्याच्या जागी चौथ्या मॅचला डेरेक लो आला, ज्याला प्लेऑफच्या स्टार्टर लोकांमधून काढून टाकलं होतं.

०-३. त्याआधी बेसबॉलच्या सात मॅचच्या सिरीजमध्ये २५ टीम ०-३ ने मागे पडल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती. आईस हॉकीत झालेलं, टोरोंटोने १९४२ ला आणि न्यूयॉर्क आयलँडर्सने १९७५ ला, बेसबॉलमध्ये कधीच नाही.

चौथी मॅच: आठव्या इनिंगपासून लावा

त्याआधी एक क्लिप शोधा, मॅचच्या आधीची. बॉस्टनचा केविन मिलार मैदानावर दिसेल त्याला सांगत फिरतोय की आज आम्हाला जिंकू देऊ नका. का, तर उद्या पेड्रो, परवा शिलिंग, आणि सातव्या मॅचला काहीही होऊ शकतं. लोक ही क्लिप मोटिवेशन म्हणून शेअर करतात. अहो नीट ऐका, माणूस पिचरचा हिशोबच सांगतोय, तुमच्या कागदावर आहे तोच!

थोडक्यात आठव्यापर्यंत यांकीज ४-३ ने पुढे. आता यांकीजचा मॅनेजर जो टोरी रिव्हेराला नवव्याऐवजी आठव्या इनिंगलाच आणतो, दोन इनिंग टाकायला. प्लेऑफमध्ये हे तो नेहमी करायचा आणि नेहमी चालायचं, म्हणून शिव्या घालू नका, पण लिहा: रिव्हेरा, १७ तारीख, ४० बॉल.

नववी इनिंग. मिलारला वॉक. लीडऑफ वॉक, म्हणजे इनिंगच्या पहिल्याच बॅटरला वॉक, म्हणजे घराचं दार उघडं टाकून झोपणं. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स. इथे व्हिडिओ पॉज करा आणि घरच्यांना बोलवा.

हा रॉबर्ट्स ३१ जुलैला, ट्रेडच्या शेवटच्या दिवशी डॉजर्सकडून आणलेला, कामच धावणं. त्या सीझनला ४१ वेळा बेस चोरायला गेला आणि ३८ वेळा यशस्वी. बेस चोरणं म्हणजे काय ते आपल्या माणसाला सांगायचं तर असं: नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून चार पावलं पुढे उभा आहे, बॉलर मनात आलं तर त्याला आऊट करायला बॉल फेकू शकतो, आणि बॉलरने बॅटरकडे बॉल टाकला की हा सुसाट सुटतो, मग कॅचर तो बॉल पकडून पुढच्या बेसवर फेकतो, आणि बॉल आधी पोचतो की माणूस एवढाच प्रश्न. अख्ख्या स्टेडियमला माहीत आहे की हा पळणार. रिव्हेराला माहीत आहे. तीन वेळा तो पहिल्या बेसकडे बॉल फेकतो, तिसऱ्यांदा तर रॉबर्ट्स जेमतेम वाचतो. आणि मग रिव्हेरा बॅटरला पहिला बॉल टाकतो न टाकतो तोच हा गेला.

स्पीड ०.२५ करा. कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला आहे, खूपच चांगला. दुसऱ्या बेसवर यांकीजचा जीटर बॉल पकडून हात खाली आणतो, आणि तोपर्यंत रॉबर्ट्सचा हात बेसवर. धोनी रनआऊट करताना आपण जसं बेल्स आणि बॅट बघतो ना तसं दोनतीनदा मागेपुढे करून बघा. मोरी विल्स नावाच्या जुन्या बेसचोर दादाने रॉबर्ट्सला आधीच सांगून ठेवलेलं की एक दिवस असा येईल की सगळ्यांना माहीत असेल तू पळणार आणि तरी तुला पळावं लागेल. तो हाच दिवस.

आणि गंमत अशी की आजच्या नियमात हे सगळं झालंच नसतं. २०२३ पासून पिचरला एका बॅटरमागे दोनदाच असा बॉल फेकता येतो, तिसऱ्यांदा फेकला आणि रनर आऊट नाही झाला तर रनरला पुढचा बेस फुकट. म्हणजे रॉबर्ट्स कपडे पण न मळवता दुसऱ्या बेसवर गेला असता आणि आज त्याचं नाव कोणाला आठवलं नसतं. (आता तो डॉजर्सचा मॅनेजर आहे आणि वर्ल्ड सिरीज जिंकतोय, पण बॉस्टनमध्ये त्याला त्या एका धावेसाठीच ओळखतात.)

पुढचं पटकन. बिल म्युलर, याचा उच्चार मिलर करतात, मिलारशी घोळ घालू नका, त्याने रिव्हेराच्या पायांमधून म्हणावा असा मधोमध बॉल मारला आणि रॉबर्ट्स घरी. ४-४. जुलैत याच म्युलरने याच रिव्हेराला होमरन मारून मॅच संपवली होती, तेही बघून ठेवा कधीतरी. बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने पॉल क्वांट्रिलला दोन रनचा होमरन हाणला, ६-४, पाच तास दोन मिनिटं, घड्याळात रात्रीचे १ वाजून २२ मिनिटं.

म्हणजे आपल्याकडे १८ तारखेच्या सकाळचे १०:५२. त्या वेळी आपण सगळे काय करत होतो आठवतंय? चेन्नई टेस्टचा पाचवा दिवस. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२९ हवे होते, बिनबाद १९ वर आदला दिवस संपलेला, सेहवाग नाबाद, आणि चेपॉकवर पाऊस. एक बॉल पडला नाही. मी शिफ्टवरून येऊन झोप मारून टीव्हीसमोर कव्हर्स बघत बसलेलो आणि शिव्या घालत होतो. बॉस्टनला पावसाने तारलं आणि आपल्याला बुडवलं, एकाच आठवड्यात. अजून खुपतं ते.

पाचवी: जेवणाची सोय करून बसा

५ तास ४९ मिनिटं, १४ इनिंग. एका बैठकीत होणार नाही, दोन हप्ते करा. ही संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू झाली, म्हणजे आमच्या शिफ्टच्या मधोमध, आणि त्या रात्री मॅसॅच्युसेट्समधून फोन येणंच जवळजवळ बंद झालं. आमच्या टीम लीडरला वाटलं लाईन डाऊन आहे.

पहिल्या भागात पेड्रोला सहाव्या इनिंगला जीटर तीन रनचा डबल (बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत पोचतो तो फटका) मारतो, यांकीज ४-२. आता उजवा कॉलम बघा, काल कोणकोण टाकून गेलंय. आठव्या इनिंगला टॉम गॉर्डन टाकतोय आणि ऑर्टिझने त्याला होमरन मारला, मग मिलारला परत वॉक (हा माणूस त्या दोन दिवसांत नुसता उभा राहून इतिहास घडवत होता), परत रॉबर्ट्स धावायला आणि परत सगळ्यांना धडकी. गॉर्डनचं अर्धं लक्ष बॅटरकडे, अर्धं रॉबर्ट्सकडे. ट्रॉट निक्सनचा सिंगल, रॉबर्ट्स तिसऱ्या बेसवर, आणि आता रिव्हेराला आणतात. काल ४० बॉल टाकलेला रिव्हेरा, एकही आऊट नाही, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. बॉस्टनचा कॅचर व्हेरिटेकने उंच मारला, कॅच गेला पण रॉबर्ट्स कॅच होताच पळत घरी. ४-४. रॉबर्ट्सने या अख्ख्या सिरीजमध्ये एकदाही बॅट हातात धरली नाही, दोनदा धावला, दोन रन, आणि दोन्ही बरोबरीचे.

नवव्यात एक क्षण सोडू नका. यांकीजच्या टोनी क्लार्कने उजव्या कोपऱ्यात मारला, बॉल टप्पा पडून बुटक्या भिंतीवरून प्रेक्षकात. बॉल आत राहिला असता तर पहिल्या बेसवरचा सिएरा घरी आला असता आणि यांकीज पुढे. पण नियम असा की टप्पा पडून बाहेर गेला की सगळ्यांना दोनच बेस, सिएरा तिसऱ्यावर अडकला. आपल्याकडे गल्लीत बॉल शेजारच्यांच्या अंगणात गेला की दोनच रन ठरलेले असायचे ना, तसंच.

आता दुसरा हप्ता. बाराव्या इनिंगला बॉस्टनच्या बुलपेनमधून कोण येतो बघा. कोपऱ्यातलं नाव, वेकफिल्ड. बाकीचे संपलेत. वेकफिल्डचा बॉल नकलबॉल, हळू येतो, फिरत नाही, हवेत कुठेही झोकांड्या खातो, पकडणाऱ्यालाही समजत नाही. त्याच्यासाठी बॉस्टनकडे वेगळा कॅचर होता, डग मिराबेली, पण यावेळी स्टंप्समागे, आपलं, प्लेटमागे व्हेरिटेक. तेराव्या इनिंगला व्हेरिटेकच्या हातून तीन बॉल सुटले, तीन, माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, बॉस्टनचं अख्खं वर्ष त्या ग्लोव्हमध्ये. बघताना मला दरवेळी पोटात गोळा येतो, निकाल माहीत असून. सिएरा स्ट्राईक आऊट, सुटले. आणि चौदाव्याला ऑर्टिझ, समोर लोआयझा, बॉलमागून बॉल फाऊल (रेषेबाहेर) करत करत दहाव्या बॉलला सेंटरला टाकला आणि डेमन धावत घरी. ५-४.

रात्रीचे १०:५९. तारीख अजून १८ च. म्हणजे बॉस्टनने एकाच तारखेला दोन मॅच जिंकल्या, एक मध्यरात्रीनंतर आणि एक मध्यरात्रीआधी. जिंकणारा पिचर वेकफिल्ड.

सहावी: मोजा बघा पण मोज्यापुरतं थांबू नका

१९ तारीख, न्यूयॉर्क. शिलिंगच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह आठवतंय? टीमचे डॉक्टर बिल मॉर्गन यांनी त्याच्या घोट्याची कातडी आतल्या भागाला टाके घालून शिवली म्हणजे टेंडन जागचा हलू नये, आणि आधी मृतदेहाच्या पायावर करून बघितलं. तेवढ्यावर हा बॉलिंग करायला उभा. मोज्यावर रक्त दिसतं, कॅमेरे परत परत तिथेच जातात, जाऊ देत. तुम्ही दोन गोष्टी बघा. एक, यांकीजनी त्याला पळवायला हळूच बॉल समोर टाकला नाही, म्हणजे बंट केलं नाही, यावर आजही वाद होतात, आणि मला पण तो शहाणपणा कळलेला नाही. दोन, त्याने सात इनिंग टाकल्या, एकच रन दिला. म्हणजे दोन दिवस पिळून निघालेल्या बुलपेनला जवळजवळ अख्खी रात्र सुट्टी, फक्त अरोयो आणि फोक आले. कागदावरचा डावा कॉलम एकदम हलका झाला. रक्तापेक्षा ते महत्त्वाचं.

क्लोजर कीथ फोकचे आकडे मात्र लिहा: ५०, २२, २८. तीन दिवसांत शंभर बॉल.

अंपायरचे दोन निर्णय पण बघायचेत. बॉस्टनच्या बेलहॉर्नचा तीन रनचा होमरन आधी डबल दिला, बॉल प्रेक्षकाच्या छातीला लागून परत आत आलेला. आणि आठव्याला यांकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने पहिल्या बेसकडे पळताना अरोयोच्या ग्लोव्हवर चक्क चापट मारून बॉल उडवला. क्रिकेटमध्ये हे केलं तर फिल्डिंगला अडथळा म्हणून आऊट, इथे पण आऊटच, पण आधी अंपायरला दिसलंच नाही आणि जीटर घरी पण पोचला. तेव्हा रिप्ले बघायची सोयच नव्हती, थर्ड अंपायर वगैरे काही नाही. सहा अंपायर गोल करून उभे राहिले, बोलले, आणि दोन्ही वेळा निर्णय फिरवून बरोबर दिला. पब्लिकने सामान फेकलं, हेल्मेटवाले पोलीस मैदानाच्या कडेला बसवले. ४-२.

सातवी: दोनच इनिंग

कागद उचला आणि उजवा कॉलम वाचा. आता स्टार्ट करायला कोण आहे? केविन ब्राऊन, ज्याने सप्टेंबरमध्ये रागाने भिंतीवर बुक्की मारून हात मोडून घेतलेला, पाठ दुखतीये. त्याच्यामागे वास्केझ. बस. मॅच सुरू व्हायच्या आधीच तुम्हाला निकाल दिसला पाहिजे, नाही दिसला तर कुठेतरी लिहायचं राहिलंय.

पहिल्या इनिंगला ऑर्टिझचा दोन रनचा होमरन. दुसऱ्याला ब्राऊन बेस भरून गेला, वास्केझ आला, आणि जॉनी डेमनने, ज्याची बॅट सिरीजभर झोपलेली, पहिल्याच बॉलला बेस भरलेले असताना होमरन मारला. ६-०. चौथ्यात वास्केझलाच अजून एक. बाकी लावून ठेवा आणि भाजी निवडा. डावीकडे डेरेक लो, दोनच दिवसांच्या विश्रांतीवर, सहा इनिंग, एकच हिट दिला. १०-३. सातव्या इनिंगला फ्रँकोनाने उगाच पेड्रोला आणलं, पब्लिक झोपलेलं ते बापबाप करून परत जागं झालं, दोन रन गेले, ते मला आजही पटलेलं नाही. ऑर्टिझ सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे मॅन ऑफ द सिरीज. पुढे वर्ल्ड सिरीजला सेंट लुईसला ४-० धुतलं, १९१८ नंतर पहिल्यांदा, शेवटच्या रात्री आकाशात खग्रास चंद्रग्रहण. त्या चार मॅचना गाईड लागत नाही.

पुढच्या ऑक्टोबरला लाइव्ह बघायचं असेल तर

मॅच बहुतेक आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आसपास, म्हणजे लोकलमध्ये किंवा चहा करताना होऊन जाते. कोणी ०-३ झालं की बातम्यांमध्ये लगेच २००४ चा फोटो येतो. तुम्ही फोटो बघू नका, तीन गोष्टी बघा: मधे सुट्टीचा दिवस आहे का, पुढच्या टीमचा क्लोजर काल किती टाकून गेला, आणि मागच्या टीमचे पाचव्या-सहाव्या मॅचचे स्टार्टर कोण. २०२० ला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज टँपा बे रेजविरुद्ध ०-३ वरून ३-३ पर्यंत आले होते, आणि ती सिरीज कोविडमुळे एकाच मैदानावर, एकही सुट्टी न घेता सलग सात दिवस चाललेली. योगायोग नाही तो. सातवी हरले, ४-२.

घरच्यांना बसवायचं असेल तर माझ्या सासऱ्यांवर वापरलेली युक्ती सांगतो, त्यांच्याच हातात कागद द्यायचा. त्यांना बँकेत आयुष्यभर लेजर लिहायची सवय, बेसबॉलचा ओ की ठो माहीत नव्हता, पण पाचव्या मॅचच्या अकराव्या इनिंगला स्वतःच म्हणाले, अरे यांचा बॅलन्स संपला की, आता तो हळू टाकणाराच येणार. आला पण.

सगळं बघून झालं की एक शेवटची क्लिप लावा, ११ एप्रिल २००५, फेनवे पार्क. बॉस्टनच्या नव्या सीझनची घरची पहिली मॅच, समोर यांकीज. नावं पुकारली जातायत, यांकीजच्या प्रत्येकाला शिव्या, आणि रिव्हेराचं नाव येताच अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं, थँक्यू म्हणून. त्याचा चेहरा बघा, आधी त्याला समजत नाही आणि मग तो हसायला लागतो.